‘कुठे?’ असं विचारायचं नाही

सप्टेंबर लागला की आमच्या टेलर्स बेंड गावचे पायलट खोटं बोलायला लागतात. एरवी बरी माणसं आहेत. कुणाचं सामान आणतील, अडलेल्या बाळंतिणीला इस्पितळात पोचवतील, बर्फात हरवलेल्याला शोधायला आपलं विमान पणाला लावतील. पण मूस हरणाच्या शिकारीचे दिवस आले आणि कुणी विचारलं, "कुठे निघालास रे?" की पूर्वेला जाणारा हमखास पश्चिमेकडे बोट दाखवतो. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मान डोलावतो आणि "बरं, सांभाळून जा" म्हणतो. यात कुणाला पाप वाटत नाही. डोंगरातल्या नद्यांमधले खडीचे पट्टे काही कुणाच्या बापाचे नाहीत. ज्याला जिथे विमान उतरवता आलं ती जागा त्याची, आणि तीसुद्धा दुसऱ्याला कळेपर्यंतच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

या खोटेपणाला एकच वेसण होती. खरं ठिकाण एका माणसाला सांगून जायचं. ते माणूस म्हणजे बहुतेक बायको. ती ते पोटात ठेवते, आणि नवरा ठरल्या वेळी आला नाही तरच तोंड उघडते. आमच्याकडची कितीतरी लग्नं याच एका गोष्टीवर टिकली, असं पोस्टातली नास्तासिया म्हणते. तिचा स्वतःचा नवरा पायलट नव्हता, म्हणून ती असलं बिनधास्त बोलू शकते.

मार्लिस ओडेगार्ड आमच्याकडची शिंपीण. माणसांची नव्हे, विमानांची. आमच्या छोट्या विमानांना पत्रा नसतो, सांगाड्यावर कापड ताणून शिवलेलं असतं. फांदी लागली, अस्वलानं पंजा मारला, थंडीनं रंग तडकला, की विमान मार्लिसच्या शेडमध्ये. हातभर लांब सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन ती पंख शिवायची, आणि आयव्हर, तिचा नवरा, पलीकडून सुई परत ढकलायचा. एकानं टोचायची, दुसऱ्यानं परत द्यायची, अशी ती शिवण असते. एकट्या माणसाला ती जमत नाही असं नाही, पण प्रत्येक टाक्याला पंखाला वळसा घालून पलीकडे जावं लागतं.

आयव्हर गेला तो विमानात नाही, अंथरुणात, हिवाळ्यातल्या एका साध्या सकाळी. त्यानंतर मार्लिस पंखाला वळसे घालत राहिली.

शाळेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं शेडच्या कोपऱ्यात आणून ठेवला तो कापडासाठी. नव्या जातीचं कापड थंडीत सुरकुत्या धरत होतं आणि विचारायला माणूस नव्हता. फोनच्या तारेवरून तो डबा किंचाळायचा, कण्हायचा, आणि मग उपकार केल्यासारखा एखादं पान दाखवायचा. विमानवाल्यांच्या एका शहरी वेबसाइटवर तिनं प्रश्न टाकला. उत्तर आलं, "बाई, जवळच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्या." मार्लिस इतकी हसली की तिला ठसका लागला. जवळचं केंद्र म्हणजे तीच की हो!

पण त्याच्याखाली पापुआच्या डोंगरातून एकानं लिहिलं होतं. तो तिथल्या चढणीच्या धावपट्ट्यांवर तांदूळ आणि डुकरं वाहायचा. "आमच्याकडे थंडी नाही, पण दमटपणानं हाच त्रास होतो. कापड ताणायला फिरवता ती इस्त्री जरा कमी तापवून बघा," असं त्याचं म्हणणं. इस्त्री खरंच जास्त तापत होती. मग आयडाहोचा डेल नावाचा एक गप्पिष्ट पायलट मध्ये पडला, त्यानं टायरचा विषय काढला. मोठा टायर बरा की मध्यम, यावर शहरी मंडळींनी नाकं मुरडली आणि या लोकांना हाकलून लावलं. तेव्हा डेल म्हणाला, "आपलं आपण वेगळं मांडू या का?" तांत्रिक बाजू त्यानं घेतली. लोकांना सांभाळायचं काम आपोआप मार्लिसकडे आलं, कारण बायकांकडे ते तसंच येतं.

असा कॉम्प्युटरवर तो कट्टा जमला. धावपट्टी नसलेल्या जागी विमान उतरवणारी, जगाच्या कानाकोपऱ्यात एकेकटी पडलेली माणसं एकमेकांना सापडली. आपल्यासारखं वेडं आणखी कुणी आहे हे कळल्यावर माणूस किती बोलतो, ते त्या कट्ट्यावर पाहावं! अँकरेजकडचा एक शिकारवाटाड्या होता, खरं नाव कधी सांगितलं नाही, ‘ओला बूट’ म्हणूनच सगळे ओळखायचे. नदी ओलांडताना विमान पाण्यात गेल्याची गोष्ट तो दर वेळी नवीन रंगवून सांगायचा.

कट्ट्याचा पहिला नियम मार्लिसनं स्वतः लिहिला: ‘कुठे?’ असं विचारायचं नाही. त्याशिवाय एकही माणूस टिकला नसता. फोटो टाकायचे तेसुद्धा मागचा डोंगर कापून. कट्ट्यावरचे सगळे डोंगर मुंडकं उडवलेले. "तुमच्याकडे शिखरं नसतातच का?" असं पापुआवाल्यानं एकदा भाबडेपणानं विचारलं, तेव्हा महिनाभर त्याची टिंगल झाली.

मार्लिसचंही एक मुंडकं उडवलेलं शिखर होतं. पूर्वेकडे, ऑटर फोर्क नदीच्या वरच्या अंगाला, एका काळ्या सुळक्याच्या पायथ्याशी आयव्हरनं शोधलेला पट्टा होता. लग्नानंतरचा पहिला शरद त्यांनी तिथेच काढला, आणि आयव्हरची राख तिनं तिथल्याच पाण्यात सोडली. दर सप्टेंबरअखेर, शिकारी पांगले की ती एकटी आपलं विमान उडवत तिथे जायची, एक रात्र राहायची. नदीतल्या पट्ट्यावर वाळुंजाची झुडपं भराभर माजतात. दोन-तीन उन्हाळे कुणी लक्ष दिलं नाही तर चाक टेकायला जागा राहत नाही. पण हा पट्टा दर वर्षी स्वच्छ.

"नदी माझ्यासाठी झाडून ठेवते," ती एकदा म्हणाली.

अँब्रोज क्वामे तेव्हा तिच्या शेडमध्ये कॉफी पीत बसला होता. त्याला एकदम खोकला आला. "हो, नदीला दुसरं कामच नाही," तो म्हणाला.

अँब्रोज आयव्हरचा जुना जोडीदार. तरुणपणी दोघांनी मिळून एक विमान घेतलं होतं आणि त्यावरून भांडत भांडत ते म्हातारे झाले. आता त्याच्याकडे एक पिवळं विमान होतं, त्याच्याइतकंच हट्टी. त्यात वीज नाही, रेडिओ नाही. पुढचा पंखा हातानं गरकन फिरवून ते सुरू करायचं. अपघातात आपोआप हाका मारणारी पेटी होती, तिची बॅटरी कधीच मेलेली. बायको, हिल्डा, टेकडीवरच्या दफनभूमीत. मूल नाही.

कट्ट्याचं त्याला भारी वावडं. "नवरा गेला की बायका चर्चला जातात. ही बघा, काचेच्या डब्यात जाऊन बसली," असं तो पोस्टात सगळ्यांसमोर म्हणायचा.

"आणि तू कुठे जाऊन बसतोस रे म्हाताऱ्या? माझ्याच शेडमध्ये ना, माझीच कॉफी पीत?" मार्लिस विचारायची.

"कॉफी वाईट असते. तुला कुणी सांगत नाही, म्हणून सांगायला येतो."

ती ऑटर फोर्कहून परतली की दुसऱ्या दिवशी हा हटकून दारात. विमानाच्या शेपटीचं कापड टीचभर फाटलेलं. "फांदी लागली." दर वर्षी फांदी लागायची, आणि दर वर्षी फाटायचं ते सुरीनं कापल्यासारखं सरळ. मार्लिस ठिगळ लावता लावता बडबडायची, "या वयात झाडं दिसत नसतील तर उडणं सोड, बाबा." तो मुकाट्यानं ऐकून घ्यायचा, आणि अँब्रोजनं मुकाट्यानं ऐकून घेणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

त्या सप्टेंबरात अँब्रोज गेला आणि आला नाही.

जाताना पोस्टात नास्तासियाला सांगून गेला होता, होलिटनाला चाललोय. होलिटना नदी आमच्या नैर्ऋत्येला. सरकारी शोधवाले तिकडे फिरायला लागले. गावातल्या जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. अँब्रोज होलिटनाला म्हणाला म्हणजे होलिटना सोडून तो कुठेही असू शकतो.

"खरं कुणाला सांगितलं असेल त्यानं?" मार्लिसनं विचारलं.

नास्तासिया टपाल लावत होती. तिचे हात थांबले. "हिल्डाला. जा टेकडीवर, विचार तिला."

म्हाताऱ्याला खरं सांगायला या जगात एकही माणूस नव्हतं, आणि रोज त्याला कॉफी देणाऱ्या तिला ते कधी सुचलं नव्हतं.

ढग टेकड्यांवर बसले होते, उडता येत नव्हतं. ती शेडमध्ये गेली, तो डबा सुरू केला आणि कट्ट्यावर लिहिलं: "आमचा एक म्हातारा हरवलाय. पिवळं विमान. डोंगराच्या या बाजूला तुम्ही जिथे जिथे उतरता त्या सगळ्या जागा मला हव्यात. खऱ्या. मी विचारतेय: कुठे?"

नेहमी टायरवरून एकमेकांची डोकी फोडणारे सगळे मूग गिळून बसले. मग एकानं लिहिलं, "नियम तूच केलास आणि तूच मोडतेस?" दुसऱ्यानं, "हे सगळं जग वाचतं, बाई. उद्या माझ्या पट्ट्यावर जत्रा भरेल." खोटं काय होतं त्यात? त्या पट्ट्यांवर काहींची वर्षाची चूल पेटत होती.

आधी मूठ उघडली ती ओल्या बुटानं. नदीचं नाव, वळण, कुठला सुळका डाव्या हाताला ठेवून यायचं, सगळं. खाली लिहिलं होतं, "हे माझं पोट आहे. पण पोट घेऊन करायचं काय, म्हातारा तिथे मरून पडला असेल तर?" त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. ज्यांनी भावाला सांगितलं नव्हतं त्यांनी जगाला सांगितलं. डेल तिकडे आयडाहोत बसून नकाशावर खुणा करू लागला. जिथे जिथे आभाळ थोडं उघडलं तिथला माणूस उडून दुसऱ्याचा पट्टा बघून यायचा आणि लिहायचा, "नाही." ‘नाही’ वाचून वाचून मार्लिसचे डोळे चुरचुरायला लागले.

शेवटी डेलनं लिहिलं, "मार्लिस, तुझा पट्टा राहिला."

तिनं उत्तर दिलं, "माझा कुणाला माहीतच नाही. तिथे तो असणार कसा?"

आता हे खरंच तिला तसं वाटत होतं, की वाटून घेत होती? थोडं तसं, थोडं असं. तिला दिसत होतं ते इतकंच, की ते नाव एकदा लिहिलं की आयव्हरच्या पाण्याशेजारी कुणीतरी तंबू ठोकणार, बिअरचे डबे टाकणार. बाकीच्यांचं पोट गेलं तर चालणार होतं. हिच्या आयव्हरची राख मात्र झाकलेली राहायला हवी होती.

नास्तासिया मागे येऊन उभी होती. मूसच्या मांसाचं गरम गरम सूप घेऊन आली होती, कारण मार्लिस जेवली नसणार हे तिला ठाऊक होतं. पडद्यावरचं तिनं वाचलं आणि सूप धाडकन टेबलावर ठेवलं.

"वा गं! लोकांच्या मुठी उघडायला लावल्यास. स्वतःची दाबून बसलीस."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला विमानातलं काही कळत नाही. लाज कशाची वाटायला हवी ते कळतं."

मार्लिस रागानं लाल झाली. मग तिनं लिहिलं. ऑटर फोर्क, वरचं दुसरं वळण, काळ्या सुळक्याखाली. नाव दोनदा चुकलं, दोनदा खोडून लिहिलं. लिहून झाल्यावर ती बाहेर आली, तर पूर्वेकडे ढगांखाली उजेडाची चिंचोळी फट पडली होती. कुणाची वाट न पाहता ती विमानात जाऊन बसली.

सुळक्याला वळसा घालताच तिला ते दिसलं. पट्ट्याच्या टोकाला पिवळं विमान, जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. आणि त्याच्या पंखाखाली ताडपत्री, ताडपत्रीतून हलणारा एक हात.

घाई करायची नाही, ती स्वतःला मोठ्यानं सांगत होती. आधी चाकं नुसती घासून वर उचलायची, वळून येऊन आपल्याच खुणा बघायच्या. खुणेत पाणी भरलं तर खालची वाळू पोचट, उतरायचं नाही. खुणा कोरड्या होत्या. ती उतरली आणि पळत सुटली.

अँब्रोज राखेसारखा पांढरा पडला होता. पाऊल बुटात सुजून काळं झालेलं. शेजारी करवत होती, कुऱ्हाड होती, आणि तोडलेल्या वाळुंजाचा भला मोठा ढीग. ओंडक्यांच्या फटीत पाय अडकून मोडला होता. विमान शाबूत, पेट्रोल शाबूत, पण एका पायावर उभं राहून पंखा फिरवणार कसा?

"काय गं, लवकर आलीस यंदा," तो पुटपुटला.

मार्लिसचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती खडीकडे बघत होती. खडीच्या पातळीला कापलेले बुंधे, ओळीनं. काही ताजे, पांढरे. काही गेल्या वर्षीचे. काही इतके जुने की करडे पडून दगडात मिसळलेले. इतकी वर्षं ती त्यांच्यावरून चालली होती.

"नदी झाडून ठेवते म्हणे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"आयव्हरनं शब्द घेतला होता माझ्याकडून. आता रडू नको, पोरी. बिस्किटं कालच संपली, रडून भागणार नाही."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तूच करवत घेऊन आली असतीस. ओळखतो मी तुला."

"अँब्रोज, मी या जागेचं नाव लिहीत नव्हते. सगळ्यांनी लिहिलं. मी नाही लिहिलं."

"मीही नसतं लिहिलं," तो म्हणाला. "पाणी आणलंयस का?"

तिनं पाणी पाजलं, पाय फळीला बांधला, आणि कसाबसा ओढत त्याला आपल्या विमानाच्या मागच्या सीटवर घातलं. सगळा वेळ तो तिच्या गाठींना नावं ठेवत होता, म्हणून तिला धीर आला. पिवळं विमान नंतर ओल्या बुटानं येऊन टेलर्स बेंडला आणून दिलं. तेव्हा पहिल्यांदा कट्ट्यावरच्या एका माणसाचं तोंड गावाला दिसलं. तो चांगला गोरागोमटा आणि अतिशय लाजाळू निघाला.

ज्यांचे पट्टे उघडे पडले त्यांतल्या काहींवर पुढच्या वर्षी खरंच जत्रा भरली. ओल्या बुटाला दुसरी जागा शोधावी लागली आणि तो त्याबद्दल अजून कुरकुरतो. ऑटर फोर्कवरही कुणाचा तरी चुलीचा काळा दगड मार्लिसला दिसला. तिला वाईट वाटलं, आणि तिनं तो दगड पाण्यात ढकलला. पण कट्ट्याचा पहिला नियम तिनं बदलला. ‘कुठे?’ असं अजूनही विचारायचं नाही. मात्र कुणी निघालो म्हटलं की त्याला विचारायचं, "कुणाला सांगितलंस?" ज्यांना कुणी नाही त्यांना कट्ट्यानं एकेक माणूस लावून दिलं. पापुआवाल्याचं खरं ठिकाण आता आयडाहोत डेलच्या पोटात असतं.

अँब्रोज कट्ट्यावर काही आला नाही. काचेच्या डब्यावर त्याचा राग कायम आहे. पाय लंगडा झाला, पण उडतो. पोस्टात सगळ्यांना ऐकू जाईल असं "होलिटनाला!" म्हणतो, आणि घरी जाऊन मार्लिसला फोन करतो.

वर्षानं सप्टेंबर सरत आला. मार्लिस सामान बांधून पोस्टात गेली.

"कुठे निघालीस?" नास्तासियानं विचारलं.

"होलिटनाला."

"बरं. सांभाळून जा," नास्तासिया म्हणाली आणि टपालाकडे वळली.

शेडमध्ये परत आल्यावर मार्लिसनं फोन उचलला, आणि तिच्या ध्यानात आलं की आयव्हर गेल्यापासून तिनं हे वाक्य कुणालाच म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती एकटी जायची, एकटी यायची, आणि मागे कुणाला काही ठाऊक नसायचं. निदान तिला तसं वाटायचं.

"अँब्रोज, उद्या ऑटर फोर्क. परवा दुपारपर्यंत परत येते."



"बरं झालं सांगितलंस," म्हातारा म्हणाला. "म्हणजे परतलीस का ते बघायला यंदा शेपटीचं कापड फाडायला नको."